कागदी बैलाची शेपूट

श्रावणातला तिसरा रविवार, १९७८. स्थळ: वर्ध्यातल्या आमच्या सार्वजनिक वाचनालयाची मागची पडवी. हजर: पवनारहून सकाळच्या बसने आलेल्या ग्रंथपाल बाई, रोज पेपर वाचायला येणारे दोन पेन्शनर, गल्लीतली सहा-सात मुलं आणि दहा वर्षांची मी. गैरहजर: माझा मोठा भाऊ. त्याच्याकडे लाकडी बैल होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा भरतो. मुलं सजवलेले लाकडी बैल ओढत मैदानावर नेतात, मग घरोघर फिरून बोजारा, म्हणजे खाऊ आणि चिल्लर, गोळा करतात. आमच्या घरात बैल एकच आणि भाऊ मोठा. दरवर्षी मी त्याच्या मागून चालायची. मला दोरी माझ्या हातात हवी होती.

बाईंनी वाचनालयाच्या फळ्यावर लिहिलं होतं, ‘ज्यांच्याकडे बैल नाही त्यांनी यावे. रद्दीचे बैल करू.’ तो फळा माझ्यासाठीच होता, असं मला आजही वाटतं.

आम्ही पेपर फाडून बादलीत भिजवले. एक पेन्शनर दर पाच मिनिटांनी ओरडत, “आजचा तं नाई ना टाकला, बाई?” लगदा झाला, त्यात मैद्याची खळ आणि मेथीचं पीठ घातलं. इथवर ठीक होतं. मग दुसऱ्या पेन्शनरांना मजबुतीची काळजी लागली. “कापूस टाका जी. तुटनारच नाई!” ते घरी जाऊन जुन्या गादीतला कापूस घेऊन आले. आमच्या जिल्ह्यात कापसाला कोण नाही म्हणणार? बाईंनीही मान हलवली. कापूस पडला.

बैल मजबूत झाले, पण वाळेनात. वरून ढग, आत कापूस पाणी धरून बसलेला. पोळ्याच्या सकाळीही माझ्या बैलाच्या पोटात बोट दाबलं की खड्डा पडायचा. भाऊ बघायला आला आणि म्हणाला, “तुया बैल तं गळून राह्यला! उद्या दोरी नोको आनू, बादली आन.”

मी रडले नाही, पण पडवीच्या खांबाला टेकून उभी राहिले. बाईंच्या घरी शेती होती. त्या दिवशी त्यांच्या दारात खरे बैल पुजायचे होते, तरी त्या पहिल्या बसने आल्या होत्या. त्यांनी बैल एका मोठ्या परातीत ठेवले, परातीची एक बाजू मला धरायला सांगितली आणि आम्ही शेजारच्या हलवायाकडे गेलो.

“बाई, माही भट्टी जिलबीसाठी हाय. बैलासाठी नाई.”

“भाऊ, जिलबी झाल्यावर तरी? नुसती ऊब पाहिजे.”

हलवायाने परातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “ठेवा. पन कोनी विचारलं तं मीच सांगीन, आज बैल भाजून राह्यलो म्हनून!”

संध्याकाळपर्यंत बैल खडखडीत वाळले. माझ्या बैलाचा एक खूर जळाला. खूर काळे रंगवायचेच होते, एकाचं काम भट्टीने केलं. उरलेले तीन, शिंगं आणि झूल बाईंनी आणि मी दिवेलागणीच्या आत रंगवली. शेपटीसाठी ठेवलेलं भोक मात्र आकसून बंद झालं होतं. “नंतर पाहू,” असं म्हणून बाई धावत शेवटच्या बसला गेल्या.

दुसऱ्या दिवशी बैल पाटावर बांधून, पाटाला दोरी लावून, मी मैदानावर गेले. बक्षिसासाठी बैल तपासणाऱ्या आजोबांनी चष्मा वर केला. “काऊन वं पोरी, शेपूट कुठी हाय?”

“लावायची राह्यली.”

“मंग थो माश्या कशानं हाकलीन?”

“मी हाकलीन न!”

सगळ्यांत मोठ्याने भाऊ हसला. बक्षीस मिळालं नाही. बोजारा मिळाला, आणि तो मी पहिल्यांदा माझ्या नावावर खाल्ला. एक वाटा हलवायाला नेऊन दिला. त्याने तो घेतला आणि बदल्यात दोन जिलब्या दिल्या.

पुढची सात-आठ वर्षं बाईंनी पडवीत मुखवटे, आकाशकंदील, कठपुतळ्या करून घेतल्या. सामानाची यादी करायचं काम माझ्याकडे असायचं. त्या पहिल्या बैलानंतर एक ओळ कायमची ठरली: ‘कापूस नको.’ आज मी घर, नोकरी, लग्नकार्यं याद्यांवर चालवते, ती सवय तिथली. बाईंचे आभार मी त्यांच्यासमोर मानले आहेत. त्या म्हणाल्या, “आभार राहू दे, शेपूट लावली का?”

बैल माझ्या पुस्तकांच्या कपाटावर उभा आहे. सुतळी आणून ठेवली आहे. भोक पाडायला गेलं तर पाठीला तडा जाईल, म्हणून डिंकाने चिकटवायची ठरवली आहे. डिंक आणायचा आहे.