ईरप्पा आणि बेटांची चांदी

जुळे सोलापुरातील ईरप्पा आयुष्यात कोणताही खेळ खेळले नाहीत. बस सुटताना दिसली तरी ते धावत नाहीत. मात्र खेळांची स्मारक नाणी ते जमवतात, आणि तीही समुद्रातल्या चिमुकल्या बेटांनी काढलेली. अशा बेटांवर मैदानालाही जागा नसावी. पण जगात कुठे स्पर्धा भरली की या बेटांचे नाणे हजर. ईरप्पांच्या सर्वांत लाडक्या नाण्यावर बर्फावरून घसरणारा खेळाडू आहे. ते काढणाऱ्या बेटावर बर्फ फक्त सरबतात सापडत असेल, असे मी एकदा सुचवून पाहिले.

"मग सोलापुरात तरी कुटं पडतो?" ते शांतपणे म्हणाले.

अशा नाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा असतो. त्याला बोट लावायचे नाही, पुसायचे तर मुळीच नाही. ओरखडा उमटला की संग्राहकांच्या लेखी ते संपले. यंदा सात रस्त्याजवळच्या नाणेप्रदर्शनातली पहिल्या बक्षिसाची ढाल आपलीच, असे ईरप्पांनी कॉलनीभर सांगून ठेवले होते. पत्नी शिवलीलाबाईंना मात्र त्यांनी एवढेच सांगितले होते, की शुद्ध चांदी आहे. खर्चाच्या प्रश्नाला तेच उत्तर पुरत असे.

प्रदर्शन दिवाळीला लागून आले. लक्ष्मीपूजनाला घरातली चांदी रांगोळीने घासायची असते. शिवलीलाबाईंनी करंडा घासला, निरांजन घासले, मग नाण्यांच्या डब्या उघडून एकेक बेटही घासले. नाण्यांच्या मागच्या बाजूला कोरलेल्या इंग्लंडच्या राणीला देवी समजून हळदकुंकू वाहिले. ईरप्पा फुले घेऊन परतले, तेव्हा बर्फावर ओरखड्यांचे जाळे पसरले होते.

काचेआड खपून जाईल, या आशेवर त्यांनी पेटी प्रदर्शनात मांडली. परीक्षक करीमभाईंनी भिंग लावले.

"ईरप्पा, हे कुणी केलं?"

"मीच. जरा पुसलं."

"ह्यांनी?" सोबत आलेल्या शिवलीलाबाई मागून म्हणाल्या. "घरात कदी एक वाटी घासली न्हाय ह्यांनी. समदं मी घासलंय."

"भाभी, घासलेलं नाणं बाद होतं."

"मळकं चालतं आन् घासलेलं बाद? मग तुमी सदरा कशाला धुता?"

करीमभाईंनी सदऱ्याकडे पाहिले आणि पेटीवर 'स्पर्धेबाहेर' अशी चिठ्ठी चिकटवली. ईरप्पा पेटीला झाकण लावू लागले, तोच दोन बायका थांबल्या.

"लई चकाकतंय की. कशानं घासलं हो?"

शिवलीलाबाईंनी खुर्ची ओढून घेतली आणि रांगोळीपासून सांगायला सुरुवात केली. पलीकडे ढाल दुसऱ्याच कोणाला दिली गेली, टाळ्या झाल्या, तरी ईरप्पा झाकण हातात धरून उभेच होते. बायकांची गर्दी वाढत चालली होती.