वतनाचे बिघे

अक्का,

आम्ही टेंभुर्णी सोडली त्या दिवशी तुम्ही मला कुंकू लावलं, ओटी भरली, आन हात मागं घ्यायच्या आधीच म्हणालात, "निघा जल्दी. ऊन चढलं की बैल चालत न्हाईत." घरातली धाकटी सून परमुलखात निघाली तर थोरल्या जावा दोन घटका हात धरून ठेवतात, चार सूचना करतात, डोळ्याला पदर लावतात. तुम्ही माझी ट्रंक सोता उचलून गाडीत ठेवली. आत्याबाई डोकं दुखतं म्हणून आत पडून होत्या, मामंजी ओसरीवर तोंड फिरवून बसले होते, आन तुम्ही गाडीवानाला म्हणून राह्यल्या होत्या, "हाण की आता, काय बघतो?" गाडी वळली तेव्हा मी ताडलं, या बाईला मी इथून गेलेली पाहिजे.

माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. धावड्याला माझी आई म्हणायची, "या पोरीला निर्भेळ दुधातबी पाणी दिसतं." मला ते भूषण वाटायचं. चार माणसं भोळी असली तर घरात एक डोळे उघडे ठेवणारं पाहिजे, असं मी सोताला सांगायचे. चौदा वर्षं झाली त्या दिवसाला. आता मामंजी न्हाईत, आत्याबाई न्हाईत, म्हणून हे पत्र लिहायला बसले. ते दोघं असते तर या पत्रानं तुमच्यावर बालंट आलं असतं. तुमची सुमन माहेरी आली की तिच्याकडून वाचून घ्या, दुसऱ्या कुणाकडून नको. सुमन, मधल्या ओळी गाळू नकोस बाई. तुझ्या लग्नाचीबी गोष्ट यात आहे, तिथं आलीस की आवाज चढवू नकोस.

हे हैदराबादेहून डाक्टरी पास होऊन आले ते दिवस आठवतात ना? आठ दिवस घरात एकच विषय, दवाखाना कुठं. मामंजींचं मत सरळ होतं. ओसरीत खाट टाकायची, भिंतीला बाटल्या मांडायच्या, पंचक्रोशी आपोआप येईल. दुसरी गोष्ट सरकारी नोकरीची. सकाळी दवाखाना, दुपारी मोकळीक, परत संध्याकाळी दवाखाना, शुक्रवारी सुट्टी, आन गावाला जायचं तर रुखसतीचा, म्हणजे रजेचा, अर्ज. आत्याबाईंनी ते ऐकून विचारलं होतं, "आईला भेटायला अर्ज? आन त्यो मंजूर कोण करनार, तुझी दुसरी आई?" मामंजीसुद्धा हसले होते तेव्हा.

तिसरी गोष्ट माझी होती, पण मला कुणी विचारलं न्हाई. जालन्यात मस्तगडला एका कापडवाल्याच्या दुकानावर दोन खोल्या रिकाम्या होत्या. एका खोलीत रोगी बघायचे, दुसरीत राहायचं. एका लग्नाला गेल्ते तेव्हा मी त्या खोल्या बघून आल्ते. चूल कुठं मांडायची, पाण्याची घागर कुठं ठेवायची, सारं मनात ठरलेलं. तिथून टेंभुर्णीलाबी जाऊन येणं होतं, धावड्यालाबी. ह्यांना म्हणाले तर हे म्हणायचे, "खासगीत वेळ आपला नसतो. रोगी आला की ताट सारून उठायचं." मी म्हणायचे, "मी झाकून ठेवीन ताट." त्यावर हे उठून बैलांना पाणी दाखवायला जायचे. विषय टाळणारा माणूस मला कधी आवडला न्हाई.

मंग एक दिवस बैठक भरली. मामंजी बोलून राह्यले, हे मान खाली घालून ऐकून राह्यले. तेवढ्यात तुम्ही सैपाकघराच्या उंबऱ्यातून म्हणालात, "भाऊजी, सरकारीच घ्या. लांबची असली तरी घ्या." सासऱ्यासमोर कधी तोंड न उघडणाऱ्या तुम्ही. सारे तुमच्याकडं बघत राह्यले. मामंजी म्हणाले, "बायांनी यात पडू नये," आन विषय तुटला. पण माझ्या डोक्यात तो तुटला न्हाई. अक्काला आम्ही लांब कशाला पाहिजे?

उत्तर मला सापडायला वेळ लागला न्हाई. घरात पाटीलकीचं वतन होतं, पिढीजात हक्काची जमीन आन गावात पहिला मान. थोरले भाऊजी ते बघायचे. धाकटा भाऊ डाक्टर होऊन परमुलखात गेला की वाटा मागायला कोण उरतं? आमच्या लग्नाला सात वर्षं झाल्ती, पोटी मूल न्हाई, म्हणजे पुढंबी मागणारं कुणी न्हाई. तुमची दोन लेकरं अंगणात खेळत होती. मी सारा हिशोब बसवला आन सोताच्या हुशारीवर खूष झाले. आत्याबाई तेव्हा मला मूल न होण्यावरून काही बोलायच्या बंद झाल्त्या. ते मला बरं वाटायचं, एवढंच.

थोड्या दिवसांनी हे कागद घेऊन आले. "निजाम सरकारचा हुकूम आला, तेलंगणात टाकलं. आपल्या हातात काही न्हाई," असं म्हणून हे अंघोळीला निघून गेले. मामंजी दिवसभर सरकारला शिव्या देत होते. मीबी सरकारलाच दोष दिला, कारण सरकारचा दोष काढला तर घरात भांडण होत न्हाई. जालन्याला स्टेशनाकडं जाताना मस्तगडच्या त्या दुकानासमोरून आमची गाडी गेली. वरच्या खिडकीत कुणाचं तरी लुगडं वाळत होतं. मला रडू आलं. ह्यांनी विचारलं काय झालं, मी म्हणाले धूळ गेली.

इथं आले तर माणसं मला डाक्टरम्मा म्हणायला लागली. काय शिकले म्हणून डाक्टरम्मा? नवऱ्यानं शिकलं ते बायकोला चिकटतं इथं. जवारीची भाकर मागितली तर भात पुढं यायचा. बायका तेलुगूत बोलायच्या आन हसायच्या, मला वाटायचं माझ्यावरच हसतात. थोडी तेलुगू आल्यावर कळलं की कधी कधी खरंच माझ्यावर हसत होत्या. दवाखान्याच्या वेळा ठरलेल्या म्हणून नोकरी घेतली म्हणे, पण घर दवाखान्याच्या आवारातच. शुक्रवारीबी दार वाजायचंच. ताट मी तिथंबी झाकूनच ठेवलं. मस्तगडला काय वाईट होतं मंग?

दुपारच्या मोकळ्या वेळात हे मला पाटी घेऊन बसवायचे. उर्दू शिकवायचे. का, तर गोषातल्या बाया ह्यांना तोंड दाखवत न्हाईत, दुखणं सांगत न्हाईत. पडद्याआड जाऊन मी विचारायचं, कागदावर लिहून आणायचं, मंग हे औषध देणार. दवाखान्याला फुकटची नोकर मिळाली, हा माझा पहिला अंदाज. दुसरा अंदाज असा, की हे काही परत जायचे न्हाईत, म्हणून मला इथली करून राह्यलेत. पण शिकले. उजवीकडून डावीकडं लिहायला हात तयार झाला, थोडं थोडं वाचताबी यायला लागलं.

आन त्या थोडं थोडं येण्यानं घात केला. दवाखान्याचे जुने कागद ट्रंकेत होते. ट्रंक उन्हाला काढली तेव्हा एक कागद हाताला लागला, ह्यांच्या अक्षरातली अर्जाची नक्कल. महकम्याला, म्हणजे सरकारी खात्याला, लिहिलेला अर्ज. मी बोट ठेवून वाचायला लागले. वाव, तोय, नून. वतन. पुढं आणखी एक शब्द लागला, दूर. बाकीचं वळणदार होतं, लागलं न्हाई, पण मला तेवढं बस होतं. ह्यांनी सरकारला लिहून दिलं होतं, वतन आमच्यापासून दूर करा. सरकारनं आम्हाला लांब टाकलं न्हाई, आम्हीच वतन सोडून दिलं, तुमच्या सांगण्यावरून, मला न विचारता. उंबऱ्यातलं तुमचं ते वाक्य, ती घाई, तो ट्रंक उचलणारा हात, सारं बराबर जुळलं. मी कागद होता तसा ठेवला आन कुणाला काही बोलले न्हाई.

पाच वर्षं बोलले न्हाई, अक्का. तुम्ही येणाऱ्या जाणाऱ्याबरोबर कुरडया पाठवायच्या, शेवया पाठवायच्या. गाठोडं सोडायच्या आधीच मी ते कंपौंडरच्या बायकोला देऊन टाकायचे. ती तुमच्या हाताची तारीफ करायची, मी ऐकून घ्यायचे. आन सुमनचं लग्न. तुम्ही निरोपावर निरोप धाडले. मी कळवलं, रुखसत मंजूर झाली न्हाई. अक्का, ह्यांनी अर्जच केला नव्हता. मीच करू दिला न्हाई. म्हणाले, माझी कंबर धरली, प्रवास जमायचा न्हाई. पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकायला सख्खी चुलती न्हाई, ते माझ्यामुळं. मला आता त्याची लाज वाटते, रोज वाटते.

आता पुढचं ऐका. गेल्या वर्षी एका म्हाताऱ्या बाईंना बघायला मी पडद्याआड गेल्ते. दुखणं लिहून झालं, चहा आला, त्या म्हणाल्या, "हमारा वतन तो बीदर है." माझे कान टवकारले. इथं राहून वतन सांभाळते ही बाई. मी विचारलं, "कित्ते बिघे है?" त्यांना कळेना. मी परत विचारलं, वतन कित्ते बिघे का है? त्यांच्या हातातला चहा सांडला एवढ्या हसल्या. "अगे अम्मा, वतन के बिघे होते क्या? आदमी जहाँ पैदा हुआ, जहाँ उसके लोगां हैं, वो वतन."

मी हसले न्हाई. घरी आले, ट्रंक उघडली. आता मला सारं वाचता येत होतं. वतन से दूर तैनाती दी जाए. आपल्या गावापासून लांब नेमणूक द्यावी, एवढंच होतं. जमिनीचं नाव न्हाई, वाट्याचं नाव न्हाई. पण खाली कारण दिलेलं होतं. अहलिया की सेहत के पेशेनजर. अहलिया म्हणजे बायको, सेहत म्हणजे तब्येत; बायकोच्या तब्येतीकडं बघून. झालं, एक संशय गेला आन दुसरा उभा राह्यला. मला कोणता रोग होता जो ह्यांनी मला सांगितला न्हाई?

हे हात धूत होते. मी कागद पुढं धरला. पंच्याला हात पुसले आन म्हणाले, "तुला काही झालं नव्हतं. टेंभुर्णीत राह्यली असतीस तर झालं असतं."

आन मंग सांगितलं. आत्याबाईंनी जाफराबादकडची पोरगी बघून ठेवल्ती, ह्यांच्यासाठी. ओसरीत दवाखाना मांडला की सुपारी फोडायची. ह्यांना पत्ता नव्हता. तुम्ही ह्यांना गोठ्यात गाठून सांगितलं, "भाऊजी, मस्तगडलाबी राहू नका. गाडी जुंपली की मानसं दारात येतील. लई लांब जा, आन तिला घेऊन जा. तिला कळू देऊ नका, ती मनाला लावून घेईल." हुकूम आल्यावर आत्याबाईंनी घाई केली, आम्ही निघालो त्याच दिवशी दुपारी पोरीकडची माणसं बोलावली होती; ह्यांनी हुकूम दाखवून सकाळीच गाडी जुंपायला लावली. निघा जल्दी.

मी ह्यांना विचारलं, "तुम्हाला न्हाई म्हणता येत नव्हतं?" हे म्हणाले, "बाबांपुढं मला कधी न्हाई म्हणता आलं न्हाई. सरकारच्या नावानं म्हणालो." मी विचारलं, "पोरगी बघितली होती का तुम्ही?" म्हणाले, न्हाई. त्यावर माझा अजून पुरता इश्वास न्हाई. पण ते जाऊ द्या.

एवढी संशयी मी. दुधात, भातात, उर्दूत, तेलुगूत, साऱ्यांत मला काळंबेरं दिसलं. जे खरंच माझ्या घरात शिजून राह्यलं होतं तेवढं एक दिसलं न्हाई, आन जिनं मला त्यातून काढलं तिलाच मी चोर धरलं. त्या दुपारी पाहुणे आले, नवरदेव गायब. त्यांना पाणी तुम्हीच दिलं असेल. आत्याबाईंनी तुम्हाला काय काय बोल लावले असतील. तुम्ही एका निरोपातबी ते येऊ दिलं न्हाई, वर शेवया पाठवल्या. मला पोर झालं न्हाई ते न्हाईच, पण सवतीच्या हाताखाली भाकर खायची पाळी आली न्हाई, ती तुमच्यामुळं.

वर्षभर हे लिहायचं धाडस होत नव्हतं. परवा तबादल्याचा, म्हणजे बदलीचा, कागद आला. कुठं पाहिजे ते लिहा म्हणून विचारलं आहे. ह्यांनी कागद माझ्यापुढं सारला, म्हणाले, "मागं मी तुला न विचारता लिहिलं. आता तू लिही." वर नाव, खाली बापाचं नाव, त्याखाली एक रकाना, वतन. अक्का, मी टाक दौतीत बुडवून एकेक गाव मोजलं. धावड्याला आता आई न्हाई. मस्तगडच्या खोल्यांत दुसऱ्याचा संसार. इथल्या बाया मला डाक्टरम्मा म्हणतात, इथंच राह्यले तरी कुणी हाकलणार न्हाई. टेंभुर्णीत तर माझ्या जागी दुसरी आणायची ठरल्ती. तरी मी वतन टेंभुर्णीच लिहिलं, आन नेमणूक त्याच्या जवळ मागितली. तिथं तुम्ही आहात.

तबादला मिळेल न मिळेल, सरकारचा काय भरवसा. रुखसत मात्र मंजूर झाली आहे, मी डोळ्यांनी वाचली. पुढच्या महिन्यात येते. शेवया करून ठेवा, या खेपेला मीच खाईन. आन निघायचा दिवस आला की दारात उभं राहून जल्दी म्हणायचं न्हाई.