न धुतलेलं पातळ

आमच्या जिल्ह्यातल्या खेड्यांत मला 'पोरं नेणारी बाई' म्हणायचे. कागदोपत्री मी परिविक्षा अधिकारी होते, पण तो शब्द माझ्या आईलाही कधी धड म्हणता आला नाही, तिथं गावाला काय बोलायचं! ज्या मुलाला आईबाप नाहीत, किंवा आहेत पण असून नसल्यासारखे, त्याच्या घरी जाऊन बघायचं, चार लोकांना विचारायचं आणि मूल घरात राहू द्यावं की सरकारी बालगृहात ठेवावं याचा अहवाल बालकल्याण समितीला द्यायचा, हे माझं काम. निर्णय समितीचा असायचा. पण गावानं समिती कधी बघितलेली नसायची, बघितलेली असायचे मी, खांद्याला पिशवी आणि हातात छत्री घेतलेली. एखादं पोर जेवायला किरकिर करत असलं की त्याची आई माझ्याकडे बोट दाखवायची, 'ती बघ आली, देऊ का तिला?' पोर मुकाट्यानं घास गिळायचं. सरकारच्या पोषण आहार योजनेला माझा एवढा तरी हातभार लागला.

घरी अचानक जावं असा आमचा दंडक होता. तो ज्यानं केला तो कधी खेड्यात राहिलेला नसावा. बसमधून उतरून पानाच्या टपरीवर पत्ता विचारायचा अवकाश, माझ्या आधी माझी बातमी त्या घरी पोचलेली असायची. मी पोचेपर्यंत अंगण झाडून व्हायचं, पोराच्या अंगावर लग्नाकार्यातला सदरा चढायचा आणि चुलीवर पोह्यांची फोडणी पडायची. इतके पोहे मी त्या वर्षांत खाल्ले की अजूनही कुणी पुढे केले तर मला आधी त्या घरातल्या मुलांची नावं विचारावीशी वाटतात.

समिती नवी होती आणि आम्हीही सगळे नवखेच होतो, त्या वर्षांतली ही गोष्ट. गडमुडशिंगीतून कुणीतरी कार्यालयात फोन केला होता. नाव सांगितलं नाही. एका घरी मामानं आई वारलेली भाची आणून ठेवली आहे, आणि तिला गोठ्यात राबवतात, असं कळवून फोन ठेवून दिला.

जायच्या आधी मी मुलीची माहिती काढली. मुलगी चौथीत. बाप तिच्या लहानपणीच दुसरा संसार थाटून निघून गेलेला. आई हातकणंगल्याकडच्या एका गावात एका म्हशीच्या दुधावर स्वतःचं आणि मुलीचं भागवत होती. ती आजारी पडली आणि दवाखान्यातून परत आली नाही. दिवसकार्य झाल्यावर सासरच्यांनी म्हैस ठेवून घ्यायची तयारी दाखवली होती. मुलीबद्दल कुणी शब्द काढला नाही. तेव्हा मामानं भांडण करून मुलगी आणि म्हैस दोघींना एकाच टेम्पोत घालून आणलं होतं. हे मला ज्यानं सांगितलं त्यानंच पुढे सांगितलं, "म्हशीवर डोळा हुता बाई त्येचा. पोरगी काय, म्हशीसंगं आली." माणसानं काही केलं तरी लोकांच्या तोंडाला हात लावता येत नाही.

मी दुपारी उशिरा गेले. मामा फौंड्रीतली पाळी सोडून घरी बसलेला होता, म्हणजे बातमी आदल्या दिवशीच पोचली होती. किडकिडीत माणूस, हात कुठे ठेवावेत ते त्याला सुचत नव्हतं. मामी त्याच्या दुप्पट आणि आवाज चौपट. मुलगी कॉटवर पुस्तक घेऊन बसवलेली होती. अंगावर नवा फ्रॉक, त्याच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या. दोन वेण्या इतक्या घट्ट घातलेल्या की भुवया वर ओढल्या गेल्या होत्या. पुस्तक इतिहासाचं होतं आणि पान काही उलटत नव्हतं.

"कामबिम काय सांगत न्हाई बाई आम्ही तिला," मी काही विचारायच्या आधीच मामी म्हणाली. "इकडची काडी तिकडं करू देत न्हाई. नुसता अभ्यास!"

पोहे आले. मी शाळेचं विचारलं, तब्येतीचं विचारलं. मुलगी 'व्हय' आणि 'न्हाई' या दोन शब्दांत सगळं भागवत होती. तेवढ्यात परड्यातून म्हैस रेकली.

"शेजाऱ्याची हाय," मामा घाईघाईनं म्हणाला.

"लई वरडती शेजाऱ्याची म्हस," मामीनं दुजोरा दिला.

थोड्या वेळानं म्हैस पुन्हा रेकली, मग पुन्हा. माझं लहानपण गंगावेशीत, म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात त्या दुधाच्या कट्ट्याजवळ गेलं. वैरणीसाठी ओरडणारी म्हैस वेगळी, रेडकासाठी ओरडणारी वेगळी आणि कास तटतटून दुखायला लागल्यावर ओरडणारी वेगळी, एवढं मला ऐकून कळतं. उन्हं कलली होती. धारेची वेळ टळून चालली होती. आणि दारात मघाशीच मी दुधाची चरवी पालथी घातलेली बघितली होती.

"शेजारी धार काढत नाहीत वाटतं?" मी विचारलं.

"काढतील की," मामा म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

मला हसू येत होतं आणि रागही येत होता. गावातल्या कुणा शहाण्यानं त्यांना कानमंत्र दिलेला दिसत होता की पोरगी गोठ्यात दिसली तर बाई उचलून नेईल. म्हणून पोरीला कॉटवर बसवलं आणि म्हैस शेजाऱ्याच्या नावावर केली. पण म्हशीला हे कुणी सांगितलं नव्हतं.

शेवटी मुलीनंच पुस्तक मिटलं. "मामा, तिला दुखतंय," ती म्हणाली आणि उठली.

"बस गं खाली!" मामी ओरडली. पोरगी कधीच मागच्या दारातून परड्यात गेली होती. आम्ही तिघं तिच्या मागं गेलो.

गोठ्यात खुंटीवर एक हिरवं सुती पातळ अडकवलेलं होतं. विटलेलं, पदराशी मळून काळं पडलेलं. मुलीनं ते काढलं आणि नव्या फ्रॉकवरून अंगाभोवती गुंडाळलं, पदर डोक्यावरून घेतला. ते पातळ मोठ्या बाईचं. पोरगी त्यात बुडून गेली. नाही नाही ते मनात आलं. या कामात मन तसंच होतं. पण तिनं चरवी घेतली, म्हशीच्या पायाशी बसली आणि पदराचं टोक म्हशीच्या तोंडाकडे केलं. म्हशीनं मान वळवून ते हुंगलं. रेकणं थांबलं. मग तिनं पान्हा सोडला आणि चरवीत धारेचा आवाज सुरू झाला.

मामा गोठ्याच्या मेढीला टेकून खाली बसला. "आमच्या अक्काचं पातळ हाय ते," तो म्हणाला. "म्हस बी अक्काचीच. दुसऱ्या कुणाला हात लावून देत न्हाई."

मामीचा बांध फुटला. तिनं नेसूचं पातळ घोट्याच्या वर उचलून मला काळीनिळी नडगी दाखवली. "बघा! मी काय कमी खटपट केली? लाथ मारती मला. वन्सं गेल्या तवापासनं दूध चोराय लागली, आटली असती की. मग हीच म्हणाली, आईचं पातळ गुंडाळून बघते. आता न्या म्हणावं पोरगीला! आन् आदी ह्या म्हशीला न्या!" एवढं बोलून ती रडायला लागली. रडणंही तिचं मोठ्यांदाच होतं.

मी मुलीजवळ जाऊन बसले. "पातळ मळलंय की गं," असं म्हणाले, काहीतरी बोलायचं म्हणून.

"धुवायचं न्हाई ते," ती हात न थांबवता म्हणाली. "धुतलं तर आईचा वास जातोय. मग ती वळखायची न्हाई."

धार काढून झाली. मामानं चरवी आत नेली. मुलीनं पातळ लगेच काढलं नाही. ती तशीच थोडा वेळ दावणीच्या कट्ट्यावर बसली होती, पदर नाकाशी धरून, आणि कुणी तिला उठ म्हटलं नाही.

मी जे बघितलं आणि शाळेत विचारून जे कळलं ते अहवालात लिहिलं. मुलीला घरात माया आहे, तिला तिथंच ठेवावं, असंही लिहिलं. समिती बसायची मुलींच्या बालगृहातल्या एका खोलीत, तिथं मामा, मामी आणि मुलगी यांना बोलावलं होतं. खिडकीतून आवारातल्या दोरीवर वाळत घातलेले एकाच रंगाचे फ्रॉक दिसत होते. मुलगी सारखी त्यांच्याकडे बघत होती आणि मामी तिला स्वतःच्या आड घ्यायला बघत होती.

सदस्यांत एक वकील होते. "मूल दोन्ही वेळ धार काढतं. सकाळी दूध घालून मग शाळेत पोचतं, तेही उशिरा. हे काम नाही तर काय आहे?" ते म्हणाले. चूक म्हणता येणार नाही असं ते बोलत होते, म्हणून तर माझा जास्त संताप होत होता. मला राग आला की मी पाणी पिते. त्या दिवशी टेबलावरचा तांब्या मी एकटीनं संपवला.

मामा उठून उभा राहिला. त्यानं हात जोडले होते. "म्हस इकतो, सायेब. म्होरल्या बाजाराला नेतो. पोरगी तेवढी ऱ्हाऊ द्या."

"म्हस इकली तर मीबी न्हाई ऱ्हायची तुमच्याकडं," मुलगी म्हणाली. चार लोकांसमोर ती आपणहून बोललेली मी पहिल्यांदाच ऐकली. मामाचा चेहरा पडला. बिचारा तिच्यासाठीच तर सगळं विकायला निघाला होता.

समितीच्या अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी मुलीला जवळ बोलावून शेजारच्या खुर्चीत बसवलं. शाळा आवडते का, विचारलं. आवडते म्हणाली. उशीर झाला की काय होतं, विचारलं. वर्गाबाहेर उभं करतात म्हणाली. मग बाईंनी हळू आवाजात विचारलं, "धार काढायला दुसऱ्या कुणाला शिकवशील का? म्हैस घरातच राहील आणि तू पण."

मुलीनं मामीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "शिकिवते," ती म्हणाली.

अशी अट घालून समितीनं मुलगी मामाकडे ठेवली. मुलीनं धार काढायची नाही, ते मामीनं करायचं, मुलीनं वेळेवर शाळेत जायचं आणि मी मधून मधून जाऊन बघायचं. वकिलांनाही ते पटलं. मामी बाहेर व्हरांड्यात जाऊन पुन्हा मोठ्यांदा रडली. मी इतकी खूश होते की घरी जाताना वाटेत उतरून भेळ खाल्ली. आमच्या कामात असा दिवस क्वचित यायचा. एरवी कुणीतरी रडत मागं राहायचं आणि आम्ही कागदांवर सह्या घ्यायचो.

पुढे होळी झाल्यावर मी पुन्हा गडमुडशिंगीला गेले. मुद्दाम धारेच्या वेळेला गेले. या वेळी कुणी पोहे केले नाहीत, गुळाचा चहा मिळाला. त्या घरानं मला पाहुण्यांतून काढून आपल्यात घेतलं होतं. मुलगी मागच्या दाराच्या उंबऱ्यावर वही मांडीवर घेऊन बसली होती. गोठ्यात मामी ते हिरवं पातळ अंगावर घेऊन म्हशीपाशी बसली होती. धार जोरात पडत होती. म्हैस रवंथ करत होती.

"आदी ही पोरगी माझ्या पाठीला पाठ लावून बसायची," मामी तिथूनच ओरडून सांगायला लागली. तिच्या आवाजात अभिमान मावत नव्हता. "मग पदर धरून हुबी ऱ्हायची. मग जरा लांब. आता आली न्हाई तरी चालतंय. एक लाथ न्हाई बघा आता! बाई, म्हशीनं वळखलं मला!"

मी मुलीजवळ उंबऱ्यावर बसले. वही बघितली. अक्षर सुधारलं होतं. शाळेत रोज वेळेवर जाते म्हणाली, बाईंनी वर्गात पुढे बसवलंय म्हणाली. अंगानंही भरली होती. मला मनापासून समाधान वाटलं.

"बरं झालं की नाही?" मी म्हटलं. "आता तुला सकाळी उठून गोठ्यात जायला नको."

"व्हय," ती म्हणाली. मग मामीला ऐकू जाऊ नये अशा बेतानं माझ्याकडे झुकून हळू आवाजात म्हणाली, "पर आता पातळाला मामीचाच वास येतोय."

ती रडत नव्हती. पेन्सिल हरवली म्हणून सांगावं तसं तिनं ते सांगितलं आणि पुन्हा वहीत मान घातली. रडले मी, परतीच्या बसमध्ये, खिडकीकडे तोंड करून.