पलटण मोडल्यावरचं निशाण

“शके, ट्रंकेवरला हात काढ.”

“नाय काढायची. माझा नवरा दारात पडलाय, आत्याबाई. त्याच्यावं घालायला मागते, मला नेसायला नाय मागत.”

“त्याच्यासाठी पांढरं कापड आणलंय. त्याचं तेवढंच.”

“आन् ही ट्रंक घोटीला कुणी वाह्यली? गावोगाव कुणी वाह्यली? ह्यांनीच ना, डोक्यावं घेऊन?”

“वाह्यली. पर निशाणाखाली उभा नाय राह्यला तो.”

एवढं बोलून चांगुणाबाईनं सुनेला बाजूला सारलं आणि ट्रंकेवरच बसली.

अंगणात काळू निजवला होता. तिचा एकुलता एक, लहान लहान पोरींचा बाप. सिन्नरला तेव्हा नव्या कारखान्यांच्या शेडी उठत होत्या. तिथं पत्रे ठोकताना वरून खाली आला तो उठलाच नाही. साल चौऱ्याऐंशी. बौद्धवाड्यातली माणसं खोळंबली होती, आणि आत सासूसुनेचं एका कापडावरून जुंपलं होतं.

कापड पलटणीचं होतं. चांगुणाबाईचा सासरा पहिल्या मोठ्या लढाईत शिपाई होता. पलटण सगळी महार गड्यांची. लढाई सरली, सरकारनं पलटण मोडली आणि गडी घरी लावून दिले. निशाण सासऱ्यानं सदऱ्याखाली पोटाला गुंडाळून गावी आणलं. चोरलं म्हणा, वाचवलं म्हणा. सुनेला तो म्हणायचा, “पलटणीचं नाव पुसलं गं पोरी. उद्या तुमची लेकरं म्हणली आमचा म्हातारा लढला, तर लोक दात काढतील. हे दाखवायला राह्यलं पायजे.”

जुने गडी गावोगाव पांगले होते. त्यांच्यातला एखादा मेला की निशाण न्यायचं, त्याच्यावर पसरायचं आणि सरण पेटायच्या आधी काढून परत आणायचं, असं त्यांनी आपसात ठरवलेलं. जो निशाणाखाली उभा राहिला त्याच्यावरच, दुसऱ्या कुणावर नाही. सासऱ्यावर ते पडलं. चांगुणाबाईच्या नवऱ्यावर नाही पडलं, तो कधी पलटणीत नव्हता. नवरा गेला आणि हे काम बाईच्या गळ्यात आलं. तेव्हापासून निरोप आला की मायलेक ट्रंक घेऊन एस.टी.त बसायचे.

बाई विड्या वळणारी. निशाणाला कसर लागू नये म्हणून ती घडीत तंबाखूचा चुरा भरून ठेवायची. कसर लागली नाही, पण मूळचा लाल रंग गेला आणि कापड विटकरी, करपल्यागत दिसायला लागलं. पसरलं की पहिल्यांदा वास यायचा तंबाखूचा. रडणाऱ्या बायांनासुद्धा शिंका यायच्या.

घोटीला एक म्हातारा ऐन पावसात गेला. आंघोळ घातलेलं अंग नीट पुसलं नव्हतं, कापड छातीला चिकटलं. काढताना वीतभर तुकडा तिथंच राहिला आणि माणसाबरोबर जळाला. त्यानंतर बाईनं निशाण देवळालीच्या छावणीतल्या एका सुभेदाराला नेऊन दाखवलं. तो म्हणाला, “मावशी, हे घडीवर तुटायला लागलंय. अजून फार तर एकदा उघडेल. त्यापेक्षा आम्हाला द्या, काचेत ठेवू.”

“देते. पर एक म्हातारा राह्यलाय. त्याला सबुद दिलाय.”

तो म्हातारा म्हणजे सायखेड्याचा कोंडाजी. पलटणीतला शेवटला.

आता दारात काळू होता आणि कापड एकदाच उघडणार होतं. चुलत दीर कारभारी उंबऱ्यात येऊन म्हणाला, “वयनी, बास करा. फडकं थोर का पोरगं थोर?”

“पोरगं गेलं, भाऊजी. फडकं हाय.”

कारभारी बाहेर जाऊन थुंकला. काळू पांढऱ्या कापडात गेला. बाई ट्रंकेवरून उठली ती मयत हलल्यावरच.

त्या दिवसापासून शकुबाईनं सासूशी बोलणं टाकलं. भाकरी थापून ताटात टाकायची, पण तोंड उघडायची नाही. दोघी एकाच खोलीत पाठीला पाठ करून विड्या वळायच्या.

वर्षभरानं सायखेड्याचा निरोप आला. कोंडाजी गेला. या खेपेला ट्रंक डोक्यावर घेणारं कुणी नव्हतं. बाईनं स्वतःच उचलली. कोंडाजीची लेक सुलाबाई अंगणातच आडवी आली.

“माय, ट्रंक उघडू नको. बाबा सांगून गेलाय, माझ्यावं टाकायचं नाय.”

“आगं सबुद दिलाय मी त्याला!”

“काळू निशाणाबिगर गेला ते त्याला लय उशिरा कळलं. त्या दिवशी जेवला नाय. म्हणला, माझ्या सगळ्या गड्यांना त्या पोरानं पोचवलं, माझी पाळी त्याला द्यायची व्हती. आता ऱ्हाऊ द्या म्हणला, तसंच.”

“मंग मला कामून कळवलं नाय?”

“कळवून काय केलं असतं? राखंवं पसरलं असतं?”

बाई ट्रंक मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसली. कोंडाजीला लोकांनी उचलून नेलं, नदीकडं धूर उठला, तरी तिथंच बसून होती. सुलाबाईनं चहा पुढं केला तो निवून गेला.

दुसऱ्या दिवशी ती सरळ देवळालीला गेली. सुभेदारानं दोन्ही हातांनी ट्रंक घेतली. म्हणाला, अंधाऱ्या खोलीत, काचेखाली राहील, शंभर वर्षं हात लागणार नाही. बाईनं मान हलवली आणि निघाली.

घरी आली तेव्हा शकुबाई विड्या वळत होती. मान वर न करता वर्षानं पहिल्यांदा बोलली.

“टाकलं कोंडाजीबाबावं?”

“नाय.”

“मंग कुठंय?”

“देवळालीला देऊन आले.”

“म्हंजी कुणावंच नाय.”

“नाय.”

शकुबाईचे हात थांबले. “मोठ्या झाल्यावं पोरींना काय सांगू मी?”

“सांग, तुमच्या पणज्याचं निशाण देवळालीला हाय. जाऊन बघा.”

“आन् बाप कसा गेला ते?”

“तेबी सांग.”

चांगुणाबाई खाली बसली. सूप पुढं ओढलं, ओल्या फडक्यातली पानं काढली आणि कात्री घेऊन कापायला लागली. दिवस मावळायच्या आत विड्या कारखान्यात पोचवायच्या होत्या.