काढ्याची दहा मिनिटे

“पहिल्या औषधाला गाठी आता दाद देत नाहीत,” डॉक्टर म्हणाले. याला ड्रग रेझिस्टन्स म्हणतात. पेशी औषध पचवायला, बाहेर ढकलायला शिकतात. माझा कर्करोग अंडाशयाचा. मी वहीत लिहून घेतले. सोबत कोणी नव्हते.

नवे औषध पॅक्लिटॅक्सेल, दर सोमवारी. कोल्हापुरात रिक्षा मिळते. मी एकटी गेले, एकटी आले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या शमशादभाभी काढा घेऊन आल्या. हळद, मिरी, सदाफुलीची पाने.

“प्या की ताई, झाडपाला हाय. त्यानं काय हुतंय?”

“फार कडू आहे.”

“मग रंकाळ्यावरची भेळ आणू व्हय?”

मी प्यायले. त्या रोज दहा मिनिटे बसायच्या, गल्लीतले सांगायच्या आणि रिकामा पेला घेऊन जायच्या. दिवसभरात माझ्याशी तेवढेच बोलणे व्हायचे.

दुसऱ्या सोमवारी डॉक्टरांनी विचारले, “बाहेरचं काही घेता?” मी नाही म्हणाले. वर्तमानपत्रात नोकरीला असताना इतरांची उत्तरे तपासणे हे माझे काम होते.

चौथ्या सोमवारी लिव्हर फंक्शन टेस्टचे, म्हणजे यकृताच्या तपासणीचे, आकडे वाढलेले निघाले. केमो थांबली. मी बाहेरच्या बाकावर तासभर बसले, मग आत जाऊन काढ्याचे सांगितले.

“त्यामुळंच झालं असं नाही म्हणता येणार. पण बंद करा,” डॉक्टर म्हणाले. “हळदीतला घटक केमोसोबत दिला की काही हट्टी पेशी मरतात, हे प्रयोगशाळेतल्या ताटलीत दिसलंय. ताटलीला यकृत नसतं. आणि तुमचं हे औषधही मुळात झाडाच्या सालीतूनच आलंय. आम्ही ते मोजून देतो, एवढंच.”

संध्याकाळी भाभींना सांगितले.

“म्हंजे मीच इख पाजलं व्हय?” त्या भरलेला पेला उचलून निघून गेल्या.

दोन दिवस कोणी आले नाही. काढ्याने बरी होईन असे मला कधीच वाटले नव्हते. नको म्हटले तर त्या येणार नाहीत, एवढेच वाटले होते.

तिसऱ्या दिवशी त्या दारात उभ्या होत्या. हात रिकामे.

“आता आणायला काय न्हाय. नुस्तीच बसू का?”

दोन आठवड्यांनी आकडे उतरले, केमो पुन्हा सुरू झाली. गाठी दाद देतात का, ते पुढच्या स्कॅनमध्ये कळेल. केमो घेणारे घरात जे काही पितात, ते त्यांनी डॉक्टरांना सांगावे. सोबत हवी असेल तर सोबतच मागावी. मला ते जमले नव्हते.

आज सोमवार. सलाईन चालू आहे. बाहेरच्या बाकावर भाभी कुणाला तरी मोठ्याने विचारताहेत, “पावणं, काढाबिढा घेत न्हाईसा न्हवं?”