हाताने निघतं ते मोजत नाहीत

आर्लिस टॅकेटच्या डाव्या कानात रातकिडे राहायचे. बारा महिने, बर्फ पडत असतानासुद्धा. तरुणपणी केंटकीच्या त्या डोंगरांत हरणांमागे हिंडताना कानाशी इतकी रायफल वाजली, की तो कान गेला, उजवाही मंदावला, आणि डावा जाताना ही किरकिर मागे ठेवून गेला. म्हणून तर सायलेन्सरचं काम तो जीव ओतून करायचा. लोकांना वाटतं, सायलेन्सर म्हणजे चोराचिलटांचा माल. तो असतो गाडीला लावतात तसाच, आत पडदे बसवलेला डबा. गोळीमागून सुटलेला गरम वायू त्या पडद्यांत अडखळतो, निवतो, आणि कानठळ्या बसवणारा आवाज दार आपटल्याएवढा होतो. सरकारदरबारी नोंदवायचा, परवानगी येईपर्यंत कळ काढायची, मग खुशाल वापरायचा. खोऱ्यातल्या किती तरी जणांचे कान आर्लिसने असे राखले होते. त्याने नळीच्या तोंडाला पाडलेल्या आट्यांवर डबा असा सरळ बसायचा, की गोळी कुठे घासायची नाही.

त्या रविवारी तो चर्चमधून परतला आणि घरामागच्या पत्र्याच्या, बंदूकदुरुस्तीच्या दुकानात शिरला, तर कामाच्या टेबलावर बायकोची गोधडी. गोधडीत रायफल. त्याने ती उलगडली आणि तो खालीच बसला.

रायफल त्याच्या सासऱ्याची. सासरा गेल्यावर ती मेहुण्याकडे, हॉइटकडे आली. एकदा नळीच्या तोंडात चिखल गेला असताना हॉइटने बार काढला आणि नळीचं टोक फाटलं. आर्लिसनेच ते कापून काढलं होतं. पण रायफलची नळी सोळा इंचांहून आखूड असेल, तर आधी सरकारची परवानगी लागते, नाही तर थेट तुरुंग. म्हणून उरलेल्या नळीवर त्याने आटे पाडून, आरपार पोकळ पोलादी टोपण चढवून, खिळा मारून, वेल्डिंग केलं आणि सोळा इंच भरून काढले. आता ते टोपण तिथे नव्हतं. वेल्डिंग घासून उडवलेलं, आणि त्या जागी हॉइटचा नवाकोरा सायलेन्सर आट्यांवर फिरवून बसवलेला.

"ओपल, हॉइट येऊन गेला?"

"धावतपळत आला नि गेला. बोटीवर हजर व्हायचं होतं," बायको दारातूनच म्हणाली. "नेम तिरका जातोय म्हणाला, तेवढं बघ."

हॉइट ओहायो नदीवर कोळशाच्या बोटीवर कामाला होता. एकदा गेला की महिनाभर पाण्यावर. आर्लिसने फोन लावला. पलीकडे इंजिनाची धडधड.

"अरे गाढवा, टोपण का काढलंस?"

"मग डबा कुठे लावू? तुझ्या डोक्याला?" हॉइट हसला. "आणि चिडतोस काय एवढा? डबा लावून मोज की. बावीस इंच भरतेय!"

"हाताने फिरवून जे निघतं ते मोजत नाहीत, हॉइट. डबा नोंदवलेला आहे, त्याला कुणी काही म्हणत नाही. पण तो काढला की नळी आखूड. तू परवानगीशिवाय आखूड रायफल केलीस आणि माझ्या टेबलावर आणून ठेवलीस."

"मग तू सोडून कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना!"

"बघ बाबा. मी तर पाण्यात आहे." आणि फोन तुटला.

आर्लिसने दुकानाला आतून कडी घातली. रायफल ठेवावी, तर आपल्याच छपराखाली बेकायदा हत्यार आणि दारावर सरकारी परवाना टांगलेला. परत द्यावी, तर देणाराही गुन्हेगार. कळवावं, तर हॉइट गजाआड. आणि आई गेल्यावर हॉइटला न्हाऊमाखू घालून वाढवला तो ओपलने. टोपण परत जोडावं, तर हॉइटच्या घरी घासायचं मशीन होतंच. मार्ग एकच उरत होता, नळी उतरवून तिचे तुकडे करायचे, म्हणजे आखूड रायफल उरतच नाही.

रात्री घरात ओपलने तो त्याच्या चेहऱ्यावर वाचला. "बाबांची आहे ती," ती म्हणाली. "हॉइट येईपर्यंत हात लावणार नाहीस, शब्द दे."

त्याने दिला.

मग दिवस असे गेले, की दुकानात कुणी आलं की घाम आणि गेलं की धाप. मक्याचा पाव दुधात कुस्करून समोर यायचा आणि तसाच परत जायचा. आवारात गाडी वळली तर त्याला ऐकूही यायची नाही. एकदम माणूसच दारात उभा राहायचा.

असाच एके सकाळी शेरीफचा पोलीस लस्टर उगवला. त्याची शॉटगन दुरुस्तीला होती. टेबलाशी आला आणि सरळ गोधडीवर कोपर टेकून उभा राहिला.

"ओपलची गोधडी इथे? हाकलून दिलं वाटतं तुला घरातून?"

"घोरतो म्हणते."

"खरंच बोलते. चर्चमध्येसुद्धा घोरतोस." त्याने गोधडी चाचपली. "खाली टणक काय आहे रे?"

"हॉइटची रायफल."

"झाली का दुरुस्त? सांग त्याला, डबा लावून कशी वाजते ते मला ऐकायचंय." लस्टर शॉटगन घेऊन शीळ घालत निघून गेला.

आर्लिसने गोधडी बाजूला सारली. त्याने नळी शिकंज्यात आवळली, हिसका देऊन ढाच्यापासून सोडवली आणि करवत लावली. ओपल धावत आली तोवर नळीचे तुकडे जमिनीवर पडले होते. ती गोधडी तेवढी उचलून घेऊन गेली.

हॉइट बोटीवरून उतरला तो तडक दुकानात. त्याने नळीचा एक तुकडा उचलला.

"बाबांची होती, आर्लिस."

"मी नवीन नळी बसवून देतो. अठरा इंची, आटे पाडून. तुझा डबा त्यावर बसेल. कानही वाचतील."

"अठरा नि वर डबा? ते धूड त्या झाडोऱ्यात वळवू कसं? तू बसव, मी घरी नेऊन कापतो."

"सरकारला विचारून काप. नुसती परवानगी तर मागायची आहे."

"आपल्या बापाची बंदूक कापायला मी कुणाला विचारू?"

"तर मग नाही बसवणार."

"बसव, आर्लिस," दारातून ओपल म्हणाली. "तो कुणाकडून तरी बसवून घेणारच आहे. निदान नीट तरी बसेल."

आर्लिसने तिच्याकडे पाहिलं, हॉइटकडे पाहिलं. "कापणार म्हणून माझ्या तोंडावर सांगितलंस. आता नाहीच."

हॉइटने ढाचा आणि सायलेन्सर उचलून काखेत मारले. "नदीपलीकडचा बंदूकवाला वॉल्डो विचारत बसत नाही," म्हणाला, आणि गेला.

ओपल आवाराच्या टोकापर्यंत त्याच्यामागे गेली. आर्लिसच्या कानात नुसती किरकिर होती. गाडी सुरू झाली की नाही, त्याला कळेना. त्याने ओपलच्या हाताकडे पाहिलं. वर गेलेला हात खाली आला, तेव्हा त्याला कळलं की हॉइट वळणापलीकडे गेला. नवी नळी कापली तर जाणारच होती, फक्त आता दुसऱ्याच्या टेबलावर. हॉइट पकडला गेला तर ओपल आयुष्यभर म्हणणार, तू बसवली असतीस तर. सुटला तरी तो या घरी जेवायला येणार नव्हता.

ओपल परत येताना दुकानाकडे वळली नाही. आर्लिसने दुकानाचं दार सताड उघडं टाकलं आणि जमिनीवरचा लोखंडाचा भुसा झाडायला घेतला.