दारातला बुडखा

एल्रॉय झास्ट्रो पालथ्या घातलेल्या बादलीवर बसून दारातल्या बुडख्याकडे बघत होता. एप्रिल संपत आला होता. जमिनीतलं बर्फ नुकतंच सुटलं होतं आणि अंगणात पाऊल टाकलं की चिखल बूट सोडायला तयार नव्हता. बुडखा ॲशचा होता, गुडघाभर उंच आणि एका माणसाच्या कवेत न मावणारा. किडीनं विस्कॉन्सिनातली ॲशची झाडं एकामागून एक खाल्ली, त्यात हेही गेलं. गेल्या पानगळीत झाड तोडणारी माणसं आली होती. जाताना त्यांनी विचारलं, "बुडखाही काढून टाकू का?"

"राहू द्या," एल्रॉय म्हणाला होता. "कुणाला आडवा येतोय?"

फेब्रुवारीत तो आडवा आला. एका सकाळी अंडी फोडताना त्याच्या बायकोच्या, आर्लिसच्या हातातलं अंडं निसटलं. ते उचलायला म्हणून ती वाकली आणि तिथंच पडली. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं गेलं. आधी इस्पितळ झालं, मग काउंटीच्या गावातलं ते लांबलचक, एकमजली शुश्रूषागृह. त्या घराला दोन बाजू होत्या. डावीकडे घरी परत जाणारी माणसं असत, उजवीकडे न जाणारी. कुणी सांगायची गरज नव्हती. डावीकडच्या खोल्यांत पलंगाखाली बॅग दिसे आणि उजवीकडच्या खोल्यांत भिंतींवर घरचे फोटो लावलेले असत.

आर्लिस डावीकडे होती. पण विम्याचे दिवस संपत आले होते.

"मिस्टर झास्ट्रो," तिची थेरपिस्ट केल्सी म्हणाली होती. पोरगी तिशीचीच, पण बोलणं पक्कं. "तुमच्या पुढच्या दाराला पाच पायऱ्या आहेत. तीस इंच चढ. एका इंचाला एक फूट या हिशेबाने चाकांच्या खुर्चीला तीस फुटांचा रॅम्प लागेल, आणि तोही सरळ. पुढच्या गुरुवारी मी त्यांना घेऊन घरी येते. आत-बाहेर नीट जमलं, तर मी 'घरी' असं लिहीन."

"आणि नाही जमलं तर?"

केल्सीनं फक्त उजवीकडे पाहिलं.

मागच्या दाराशी तळघराचा जिना आणि गॅसची टाकी होती. रॅम्प पुढूनच काढावा लागणार होता, आणि तीस फुटांच्या जवळजवळ मध्यावर हा बुडखा, एखाद्या नटाने रंगमंचाच्या मधोमध उभं राहून विंगेत जायला नकार द्यावा तसा. चर्चमधली मंडळी फळ्या आणि खांब घेऊन मंगळवारी येणार होती. त्याच्या आत जागा मोकळी हवी होती.

एल्रॉय शहात्तर वर्षांचा होता. एकेचाळीस वर्षं त्याने सकाळ-संध्याकाळ गाईंचं दूध काढलं. दोन धारांच्या मधे जेवढं लांब जाऊन परत येता येईल तेवढंच त्याचं जग होतं. नातेवाइकांच्या लग्नांतून केक कापायच्या आधी उठून येणारा माणूस म्हणून तो सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होता. सात वर्षांपूर्वी गाई विकल्या, तरी पहाटे चारला डोळे उघडत. आता त्या उघड्या डोळ्यांना बघायला शेजारची रिकामी उशी होती. आणि आयुष्यात त्याने कुणाकडे मदत मागितली नव्हती. त्या भागात मदत मागायची म्हणजे आलेल्याला सॉसेज आणि बीअर द्यायची, आणि पुढची दहा वर्षं त्याच्या हाकेची वाट बघायची. देण्याचं एल्रॉयला काही वाटत नव्हतं. त्याला वाट बघवत नसे.

शुक्रवारी तो शेतीच्या अवजारांच्या दुकानात गेला. तिथल्या विक्रेत्याने विचारलं, "ट्रॅक्टर किती हॉर्सपॉवरचा, काका?"

"पंचेचाळीस."

"इंजिनचे की मागच्या पीटीओला मिळतात ते?"

"इंजिनचे. पीटीओला अडतीस येत असतील, तेही त्याच्या मनात असलं तर."

बुडखा किसायचं यंत्र ट्रॅक्टरच्या मागच्या हातांना अडकतं आणि पीटीओच्या, म्हणजे इंजिनच्या जोरावर मागे फिरणाऱ्या, दांड्यावर चालतं. दातांचं एक जड चाक लाकडावरून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सरकत राहतं आणि एकेक बोट खाली उतरतं. दुकानातलं यंत्र देखणं होतं, पण त्याला तेलाच्या चार नळ्या जोडाव्या लागत. एल्रॉयच्या ट्रॅक्टरला दोनच नळ्यांची सोय होती. शिवाय वजन असं की बांधावर ट्रॅक्टरचं तोंड आभाळाकडे गेलं असतं.

शनिवारी एका मयत शेतकऱ्याच्या घरी लिलाव होता. रस्त्यापलीकडचा शेजारी क्लेम वांटाही आला होता. क्लेम कुठल्याही लिलावाला येई, बहुधा तिथे मिळणाऱ्या ॲपल पायसाठी. तिथे एल्रॉयला हवं होतं ते सापडलं. जुनं, बेताच्या वजनाचं यंत्र. दोनच नळ्या, त्या चाक बाजूला सरकवायला. खाली-वर करायचं काम ट्रॅक्टरचे हात करणार. एल्रॉय चिखलात गुडघे टेकून बसला. चाक हाताने फिरवून कान लावला, गिअरपेटीचं बूच उघडून तेल बोटावर घेऊन हुंगलं आणि एकेका दातावरून अंगठा फिरवला.

"दात मोजतोयस होय रे?" क्लेम ॲपल पाय खात खात म्हणाला. "दूध किती देते ते विचार. लाथ मारते का तेही."

"तू तुझं खा."

"हे घेऊन करणार काय? एक बुडखा तर आहे. माणूस लाव."

"माणूस जूनमध्ये येतो म्हणाला."

क्लेम चघळायचा थांबला. गुरुवारची गोष्ट त्याला ठाऊक होती. त्या भागात सगळ्यांनाच ठाऊक होती. "बरं," तो म्हणाला. "दात चांगले आहेत."

रविवारी चर्च सुटल्यावर एल्रॉयने ट्रॅक्टरच्या तोंडाला वजनं लटकवली, यंत्र जोडलं आणि सुरू केलं. पहिला तास झकास गेला. भुश्याचा फवारा उडत होता, ओल्या ॲशचा वास सुटला होता. पण यंत्र मागे आणि माणूस पुढे तोंड करून बसलेला. बघायचं तर सारखी मान वळवून. दोन तासांनी मान वळलेली तशीच राहिली. तीन तासांनी कंबर बोलायला लागली आणि मग थांबेचना.

पीटीओच्या दांड्यात एक मऊ बोल्ट असतो. चाक कशात अडकलं तर त्याने तुटायचं, म्हणजे महागाची गिअरपेटी वाचते. मरण्यासाठीच ठेवलेला बोल्ट तो. पहिला एका जाड मुळाशी तुटला. दुसरा अर्ध्या तासात गेला. चार वाजता तिसरा गेला, तेव्हा बुडख्याची घराकडची बाजू अजून अख्खी उभी होती. रस्त्याकडची बाजू मात्र किसून जमिनीखाली गेली होती. मऊ बोल्ट संपले होते आणि रविवारी दुकान बंद.

एल्रॉय गोठ्यात गेला. फळीवर कॉफीचे जुने डबे होते. प्रत्येक शेतकऱ्याच्या गोठ्यात असतात. पन्नास वर्षांत निघालेला एकही बोल्ट फेकलेला नसतो. त्याने डबा उपडा केला आणि मापाचा एक बोल्ट निघाला. त्याने डोक्यावरून अंगठा फिरवला. मऊ बोल्टाचं डोकं गुळगुळीत असतं. याला रेघा होत्या. त्याने मोजल्या. सहा. म्हणजे सगळ्यांत कडक. हा तुटणार नाही. हा दुसऱ्याला तोडील.

त्याला हे ठाऊक होतं. पण तो इतका थकला होता की ठाऊक असणं आणि थांबणं यांच्यामध्ये जे अंतर असतं, ते चालून जायची ताकद उरली नव्हती. त्याने बोल्ट घातला, नट आवळला.

दहा मिनिटं बरी गेली. मग असा आवाज झाला की छपरावरचे कावळे उडाले. दांडा थरथरला, ट्रॅक्टर दणका खाऊन बंद पडला. एल्रॉय खाली उतरला. गिअरपेटीला उभी चीर गेली होती आणि काळं तेल पांढऱ्या भुश्यावर पसरत होतं. चाकाखाली लाकडाच्या पोटात काहीतरी चमकत होतं. वाकून बघितलं तर लोखंडी आकडा, मनगटाएवढा. आर्लिसला कपडे वाळत घालायला दोरी हवी होती, म्हणून लग्नानंतरच्या उन्हाळ्यात दोरीचं टोक ताणून बांधायला त्यानेच झाडाच्या बुडाशी ठोकलेला. झाडाने तो कधी गिळला, कुणाला कळलंही नव्हतं.

तो बादलीवर बसला. क्लेम रस्ता ओलांडून आला, त्याने चीर बघितली, मग दांड्यातला बोल्ट बघितला.

"किती रेघांचा?"

"सहा."

क्लेमने टोपी मागे सरकवली. "माझं गवताचं यंत्र मी असंच फोडलं होतं, तेव्हा तू काय म्हणाला होतास?"

"आठवत नाही."

"'क्लेम, बोल्टाला सहा रेघा आहेत, तुझ्या डोक्यात एक तरी आहे का?' सगळ्या चीज फॅक्टरीसमोर म्हणालास. माझी बायको अजून म्हणते."

"म्हणाला असेन."

"मला का नाही बोलावलंस रे?"

"तू काय केलं असतंस?"

"काही नाही. बसलो असतो इथं. 'दुकान उद्या उघडतं' एवढं म्हणालो असतो."

एल्रॉयच्या हनुवटीला भुसा चिकटला होता. क्लेमने तो बघितला आणि दुसरीकडे नजर नेली.

सोमवारी सकाळी क्लेम करवत, पाणसळ आणि ट्रॅक्टरच्या सुपात खडी घेऊन आला. बोलावलं नसताना. त्याने दोरी बांधून चढ मोजला आणि उरलेल्या अर्ध्या बुडख्यावर खडूने रेघ मारली. "इथं सपाट कापू. रॅम्पची आडवी तुळई यावरच बसेल. किसलेल्या भागात खडी ठोकू, तिथं खांब उभा राहील."

"हे मला पहिल्या दिवशीच सुचलं होतं," एल्रॉय म्हणाला. "ॲश आहे तो. सडेल."

"किती वर्षांत?"

"पाच. फार तर सहा."

क्लेम करवतीवर हात ठेवून नुसता उभा राहिला.

एल्रॉयने आजवर जे बांधलं ते पुढच्या पिढीच्याही पुढच्यासाठी बांधलं होतं. गोठ्याचा पाया, विहिरीचा कठडा, कुंपणाचे खांब. मुलगी ॲरिझोनात होती, ती दर रविवारी फोन करायची, पण तिला यातलं काहीच नको होतं. त्याने त्या खडूच्या रेघेवरून अंगठा फिरवला. सहा वर्षं. तोवर आर्लिसला ऐंशी लागलेलं असणार होतं.

"काप," तो म्हणाला. "सरळ काप मात्र."

दिवसभर दोघांनी भुसा उपसला, खडी ठोकली. मंगळवारी चर्चची मंडळी आली, बुधवारी संध्याकाळी कठडा लागला. रॅम्प उभा राहिला.

गुरुवारी दहाला केल्सीची गाडी आली. तिने चढ मोजला, रुंदी मोजली, कठडा हलवून बघितला. बुडख्याबद्दल तिने विचारलंही नाही. एल्रॉयचा जीव जरा भांड्यात पडला. मग तिने आर्लिसची खुर्ची पायथ्याशी आणून उभी केली, दोन पावलं मागे झाली आणि म्हणाली, "आता तुम्ही न्या, मिस्टर झास्ट्रो. एकट्याने. रोज तर तुम्हीच नेणार ना."

एवढे दिवस तो बुडख्याशी झुंजत होता. खरी परीक्षा आपली आहे, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

त्याने खुर्चीच्या मुठी धरल्या आणि ढकलायला सुरुवात केली. दहा फूट बरे गेले. पंधराव्या फुटाला कंबरेत कळ आली. मान अजून एका बाजूलाच होती. अठराव्या फुटाला, बरोबर त्या कापलेल्या बुडख्यावर, पाय थांबले. खुर्ची एक वीत मागे आली. पोटावर टेकून त्याने ती धरली. मागे केल्सीच्या कागदाची फडफड ऐकू येत होती. ती मदतीला आली नाही. तिने यायचंच नव्हतं.

"एल्... रॉय," आर्लिस म्हणाली. तिचे शब्द आता एकेक करून येत. "थांब."

"थांबलोच आहे गं."

"ब्रेक... लाव. गाढवा."

खुर्चीला ब्रेक आहे हे तो विसरलाच होता. त्याने लावला. दोघं तिथं चढावर थांबले. त्याचा श्वास भात्यासारखा चालू होता. तिने मान न वळवता विचारलं, "झालं?" तो म्हणाला, "झालं." मग तिने डावा, चांगला हात कठड्यावर टाकला आणि घट्ट धरला. त्याने ब्रेक काढला. तिने ओढलं, त्याने ढकललं. हात पुढे सरकवला, पुन्हा ओढलं. पुढच्या बारा फुटांना किती वेळ लागला कुणास ठाऊक. पण खुर्ची एकदाही मागे आली नाही.

केल्सी मागून चढून आली. उंबऱ्याशी तिने कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुन्हा एकदा त्या दोघांकडे पाहिलं. "एकट्याने नाही जमलं," ती म्हणाली.

एल्रॉयने मान खाली घातली.

"दोघांना जमलं. मध्ये थांबायचं आणि ब्रेक लावायचा, हे तुम्हाला त्यांनी शिकवलं, ते मी लिहिलंय. शनिवारी घेऊन या घरी."

त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण आधी तोंड उघडलं ते आर्लिसने. तिची नजर स्वयंपाकघराच्या फरशीवर होती, तिथून त्याच्या पायांवर आली.

"बूट," ती म्हणाली. पुढचा शब्द यायला वेळ लागला. तिघंही थांबले. "काढ."

एल्रॉयने दाराच्या चौकटीला धरून, कण्हत, एकेक बूट काढला.